पिवळ्या फडक्याची गाठ

"बंद कर! मावशी, चावी बंद कर!"

चिमटी जिवाच्या आकांतानं ओरडली, पण इंजिनाच्या किंकाळीत तिचं ओरडणं कुठल्या कुठे बुडून गेलं. मावशीनं पेडलवरून पाय केव्हाच उचलला होता. तरी इंजिन मंदावायचं नाव घेईना! आवाज चढतच गेला. फळीवरचे पाने थडथडायला लागले, स्क्रूंची डबी घरंगळत जाऊन फरशीवर फुटली, आणि नकटीनं कानात बोटं घातली. शेवटी मावशीनं चावी फिरवली, तेव्हा कुठे सगळं चिडीचूप झालं.

"पुन्हा अडकली," मावशी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण स्टिअरिंग तिनं अजून सोडलं नव्हतं.

"ॲक्सिलरेटरची केबल?" भोंग्यानं विचारलं. भोंगा कुजबुजला तरी पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला ऐकू जातं. नाव उगाच नाही पडलं!

"दुसरी केबलही गेली!" रंगाच्या खोलीतून मामा हात पुसत बाहेर आला. "मी तेव्हाच सांगितलं होतं. त्या दुकानदारानं डुप्लिकेट माल गळ्यात मारलाय आपल्या."

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं!" भोंगा म्हणाला.

"ए!" नकटीनं डोळे वटारले.

"अगं, गाडीबद्दल बोलतोय."

"मग गाडीचं नाव घे!"

एरवी यावर सगळे पोट धरून हसले असते. आज कुणाला हसू आलं नाही. कारण आज जुन्या गाड्यांची मिरवणूक होती. दुपारी सगळ्या गाड्या घाट चढून वर जमणार होत्या, आणि मग एकामागोमाग एक पलीकडे उतरणार होत्या. त्या उतरणीवर वळणं किती आणि कशी आहेत, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच ठाऊक. तिथे ॲक्सिलरेटर असा अडकला तर?

चिमटीनं तो विचार झटकून टाकला. तो परत आला.

गाडी होती आजोबांची. दोनच सीटची, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. आजोबांनी आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, गावभरच्या लोकांना गाडी शिकवली, पण या गाडीच्या स्टिअरिंगला कुणाला बोट लावू दिलं नाही. मग तिचं इंजिन कायमचं बंद पडलं, आणि ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. या सुट्टीत मावशीनं तिला आपल्या वर्कशॉपमध्ये ओढून आणलं. एका ठोकलेल्या नव्या गाडीचं धडधाकट इंजिन तिला मिळालं होतं. ते जुन्या गाडीत बसेना, म्हणून मावशीनं जाड पत्रा कापून, वाकवून, वेल्डिंग करून त्याला नवे पाय बनवले. जुन्या वायरी तर हात लावला की भुगा व्हायच्या, म्हणून वायरिंगही नखशिखांत नवं केलं. चिमटीनं अख्खी सुट्टी वायरींना टेप गुंडाळण्यात घालवली होती. तिची बोटं इतकी बारीक की जिथे पक्कड जात नाही तिथे ती जायची. रंगकाम मामाचं. मामा म्हणजे मावशीचा मोठा भाऊ आणि भोंग्याचे बाबा. नकटी शेजारची, पण जेवायला आणि झोपायलाच काय ती आपल्या घरी जायची.

आणि आजोबा? त्यांच्या लायसन्सची मुदत संपत आली होती. नवं काढायचं नाही, असं त्यांनी आपलं आपणच ठरवलं होतं. "कुणी थांब म्हणायच्या आत आपण थांबावं," ते म्हणाले होते. "पण त्याआधी एकदा माझ्या गाडीतून घाट उतरेन." म्हणजे आजच. पुन्हा नाही.

मावशीनं खोक्यातून केबल काढली. "ही शेवटची. आता ही टिकली तर टिकली."

तिनं केबल बसवली, पेडल दाबून पाहिलं. छान हललं. मग चावी फिरवली. स्टार्टर कुंथला, रेंगाळला, आणि कसंबसं इंजिन लागलं. या वेळी सगळं सुरळीत! मामानं टाळी वाजवली.

पण नकटीनं नाक वर केलं. तिचं नाक बसकं खरं, पण आज आमटी कुणाच्या घरी लागलीय हे ती रस्त्यावरून सांगायची. "जळका वास," ती म्हणाली.

"धुराचा असेल," मामा म्हणाला.

"नाही काका. इंजिन लागायच्या आधीच आला. नुसतं कुं कुं करत होतं ना, तेव्हा!"

चिमटी बॉनेटखाली वाकली आणि तिनं नव्या केबलला बोट लावलं. "स्स्स! चटका बसला!"

"इंजिनाजवळ आहे, तापणारच," मावशीनं चावी काढत म्हटलं.

"पण इंजिन गार आहे, मावशी! हे बघ, हात ठेवलाय मी. इंजिन गार आणि केबल गरम?"

"चिमटे, मला अजून हात धुवायचेत, कपडे बदलायचेत, आजोबांना आणायचंय! तुझे प्रश्न संध्याकाळी. आणि खबरदार, कुणी चावीजवळ फिरकलात तर!"

मोठी माणसं अशीच! सकाळभर प्रश्न विचारतात, "केबल का अडकते, केबल का अडकते?" आणि कुणी उत्तराच्या जवळ पोचलं की त्यांची आंघोळ राहिलेली असते.

मावशी आणि मामा घरात गेले. तिघं गाडीभोवती उभी राहिली.

"केबलमधून काय जातं?" नकटीनं विचारलं.

"काही नाही. नुसती तार आहे. पेडल दाबलं की ओढली जाते," चिमटी म्हणाली. आणि मग ती एकदम थांबली. "स्टार्टर फिरला की तापते... म्हणजे तिच्यातून वीज जातेय!"

"केबलमधून वीज? येड लागलंय का?" भोंगा म्हणाला.

"ऐक ना! मावशी रोज काय सांगते? बॅटरीतून वीज निघाली की ती बॅटरीत परत आलीच पाहिजे. परतीचा रस्ता गाडीच्या पत्र्यातून असतो. पण इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसलंय. रबरातून वीज जाते का? नाही! म्हणून इंजिनापासून पत्र्यापर्यंत तांब्याची पट्टी लावायची. वेणीसारखी विणलेली, जाडजूड. मीच कापून दिली होती मावशीला!"

"मग ती कुठाय?" भोंग्यानं वाकून पाहिलं.

खरंच, कुठे होती? इंजिनामागचा पत्रा आरशासारखा लखलखत होता. त्यात तिघांचे चेहरे दिसत होते. पट्टी मात्र दिसत नव्हती.

चिमटीनं बाही वर सरकवली. इंजिन आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत तिनं हात घातला. आधी मनगट, मग कोपर. गाल इंजिनाला टेकला. बोटांना गार पाइप लागला, मग वायरींची जुडी, आणि मग काहीतरी खरखरीत, लोंबकळणारं.

"सापडली!" ती दबक्या आवाजात म्हणाली. "एक टोक इंजिनाला घट्ट आहे. दुसरं मोकळंच लोंबतंय! कुणीतरी मागे खोचून ठेवलंय!"

"मोठा रस्ता बंद," नकटी हळूच म्हणाली, "म्हणून सगळी गर्दी बोळात घुसली."

"अगदी! एवढा मोठा स्टार्टर, आणि त्याची सगळी वीज त्या सुतळीएवढ्या केबलमधून घरी जातेय. केबल तापते, आतलं प्लॅस्टिक वितळतं आणि तार चिकटून बसते. आणि आज वर घाटात सगळ्या गाड्या बंद करून पुन्हा सुरू करणार आहेत! म्हणजे नेमकं उतरणीच्या तोंडावर..."

भोंग्याच्या घशातून एक बारीकसा आवाज आला, बस.

"पण मावशी पट्टी लावायची विसरेल?" नकटी म्हणाली. "फडकं असतं ना!"

तोच तर प्रश्न होता! या वर्कशॉपचा एक नियम होता. काम अपुरं राहिलं की तिथे पिवळं फडकं बांधायचं. मावशीची गाठही तिची स्वतःची, दुहेरी पिळाची. दुसऱ्या कुणाला जमायची नाही. आणि ज्यानं फडकं बांधलं, त्यानंच ते सोडायचं. फडकं दिसत नाही म्हणजे काम पुरं झालं. मावशी रोज संध्याकाळी गाडीभोवती फिरून फडकी शोधायची. काल एकही उरलं नव्हतं.

"भोंग्या, तुझ्या बाबांच्या कप्प्यात टॉर्च असेल बघ. आत उजेड पाडून नीट पाहू," चिमटी म्हणाली.

भोंगा रंगाच्या खोलीत गेला. कप्पा उघडला. ब्रश, पॉलिश कागद, रंग पुसायच्या चिंध्या... आणि चिंध्यांच्या तळाशी, गाडीच्या हिरव्या रंगानं बरबटलेलं एक पिवळं फडकं. त्याची दुहेरी पिळाची गाठ तशीच होती! कुणीतरी न सोडता ओढून काढलं होतं, आणि त्याला ब्रश पुसला होता.

कुणीतरी म्हणजे कोण, हे भोंग्याला कुणी सांगायला नको होतं. त्याचे कान तापले. बाबा रात्रंदिवस त्या रंगासाठी राबले होते. आज सगळं गाव तो रंग बघणार होतं. आणि हे फडकं बाहेर काढलं तर सगळं गाव काय म्हणेल? त्यानं फडकं खिशात कोंबलं.

"टॉर्च नाही," तो बाहेर येऊन म्हणाला. आणि गप्प उभा राहिला.

भोंगा आणि गप्प! पण चिमटीला त्याच्याकडे बघायला सवड नव्हती. ती धावत घरात गेली. "मावशी, पट्टी सुटलेली आहे! मागे लोंबतेय!"

"फडकं होतं का तिथे?" केस विंचरता विंचरता मावशीनं विचारलं.

"नाही, पण..."

"मग झालंय ते काम. फडकं नाही म्हणजे मीच लावलीय पट्टी. दुसरंच काहीतरी हाताला लागलं असेल तुझ्या."

"एकदा बघ तरी ना!"

"आणि कुणी ताज्या रंगाला हात लावलाय का?" मामा मध्येच ओरडला. "तिथे एकाही बोटाचा ठसा दिसला ना, तर बघा!" तो तरातरा बाहेर गेला आणि धाडकन बॉनेट बंद केलं.

झालं! मोठ्या माणसांपुढे बोलायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तेवढ्यात आजोबा आले. पांढरी टोपी, चामड्याचे जुने हातमोजे, बुटांना पॉलिश. त्यांनी गाडीभोवती एक सावकाश चक्कर मारली. गाडीत बसण्याआधी ते नेहमीच मारायचे, आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाकडून मारून घ्यायचे. मग त्यांनी हिरव्या पत्र्यावर तळवा ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला. त्यांचे डोळे भरून आले होते.

चिमटीनं त्यांच्याकडे पाहिलं. सांगावं तर त्यांचा एकुलता एक दिवस जाणार. न सांगावं तर...

नाही! मुळीच नाही! आजोबा राहिले पाहिजेत, मग दिवस गेला तरी चालेल.

"नकटे," ती कुजबुजली, "मामाला जरा बोलण्यात गुंतव."

नकटी लगेच पुढे झाली. "काका, हा रंग कसा चढवला हो? किती हात दिले?"

रंगाबद्दल विचारल्यावर मामाला भूक-तहान सुचत नसे. तो सांगायला लागला आणि नकटी माना डोलवायला लागली. इकडे चिमटी डॅशबोर्डखाली सरकली. तिथली प्रत्येक वायर तिच्या हाताखालून गेली होती. फ्यूजच्या डब्याशेजारी एक काळा चौकोनी ठोकळा होता, स्टार्टरचा रिले. तो काढला की चावी कितीही फिरवा, स्टार्टर हलणारसुद्धा नाही. दोन बोटं, एक झटका, आणि रिले तिच्या मुठीत आला!

आजोबा गाडीत बसले. चावी फिरवली. काही नाही! टकसुद्धा झालं नाही.

"आता काय झालं?" मावशीचा चेहरा पांढरा पडला. दूर मोठ्या रस्त्यावर जुन्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मिरवणूक निघाली होती!

"मी काढलाय रिले," चिमटी म्हणाली आणि मूठ उघडली.

"चिमटे!" मावशी इतकी कधीच ओरडली नव्हती. "अगं, काय केलंस हे! आजचा दिवस आजोबांचा... दे तो इकडे!"

"नाही देणार! आधी ती पट्टी बघ!" चिमटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, पण मूठ परत घट्ट मिटली. "घाटात केबल अडकली तर? आजोबांना काही झालं तर?"

"अगं, किती वेळा सांगू? तिथे फडकं नाहीये! पट्टी लावल्याशिवाय मी फडकं सोडणार नाही. आणि माझी गाठ दुसऱ्या कुणाला..."

"आत्या."

भोंग्याचा आवाज होता, पण इतका हळू की सगळ्यांना वळून बघावं लागलं. त्यानं खिशातून फडकं काढलं. हिरवा रंग, पिवळं कापड, आणि न सुटलेली दुहेरी गाठ.

"बाबांच्या कप्प्यात होतं," तो म्हणाला. बाबांकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. "मी मघाशीच सांगायला हवं होतं."

मामानं फडकं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "पत्र्यावर एक ओरखडा राहिला होता," तो अडखळत म्हणाला. "शेवटचा हात मारताना हे मध्ये येत होतं. म्हटलं, रंग वाळला की परत बांधू. पट्टी मागे सारली, आणि... विसरलो गं."

"आणि मी?" मावशी खाली बसली. "मी फडकी मोजत बसले. आत वाकून पट्टी काही बघितली नाही."

"रडारड मागाहून!" आजोबा गाडीतून उतरले. "नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुम्ही त्या बिचाऱ्या दुकानदाराला आठवडाभर शिव्या देताय. हातच्या काकणाला आरसा कशाला? घ्या करून खात्री!"

मावशीनं पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढला, म्हणजे इंजिन नुसतं फिरेल, लागणार नाही. चिमटीनं रिले बसवला. मावशीनं केबल दोन बोटांत धरली आणि मामानं चावी फिरवली.

कुं... कुं... कुं...

"आई गं!" मावशीनं हात झटकला. बोटं लालबुंद झाली होती!

मग तिनं एक जाड काळी केबल आणली, एक चिमटा इंजिनाला आणि दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला लावला. "फिरव, दादा!"

धडधडधडधड! स्टार्टर असा गरगर फिरला की सगळे दचकलेच. मावशीनं केबल भीतभीत धरली, मग घट्ट धरली. गार!

"जळका वास नाही!" नकटीनं जाहीर केलं.

मामा आत गेला आणि खरवडणी घेऊन आला. त्या आरशासारख्या पत्र्यासमोर तो क्षणभर उभा राहिला. मग दात-ओठ खाऊन त्यानं स्वतःच्या हातानं आपला रंग खरवडायला सुरुवात केली. खर्र, खर्र. रंगातून वीज जात नाही, म्हणून उघडा पत्रा दिसेपर्यंत तो थांबला नाही. भोंग्यानं न सांगता जाऊन पॉलिश कागद आणला आणि बाबांच्या हातात दिला. मामानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. रंगाचा हिरवा ठसा केसांवर उमटला, पण भोंग्यानं तो पुसला नाही.

मावशीनं पट्टी आवळली. पण केबलचं काय? शेवटचीही आतून वितळायला लागली होती!

"नवी बनवायची," मावशी म्हणाली. तिची नजर वर्कशॉपभर फिरली आणि दारातल्या मामाच्या स्कूटरवर थांबली.

"नाही हं!" मामा म्हणाला. "ती माझी क्लचची... अगं, मी घरी कसा जाऊ?"

"चालत!" पाच जण एकदम म्हणाले.

स्कूटरची केबल मापात कापली गेली. टोकाला लावायची पितळेची गोळी मावशीनं लेथवर फिरवून बनवली, चिमटीनं तार तिच्यात ओवली आणि मावशीनं डाग देऊन ती पक्की जोडली. मावशी आणि मामा दोघांनी मिळून ती केबल ओढून ओढून पाहिली. पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. दर वेळी ते टपकन परत आलं.

"शेजारी कोण बसणार?" आजोबांनी विचारलं. भोंग्यानं चिमटीकडे बोट केलं. पण चिमटी म्हणाली, "आज नकटी. तिच्या नाकाइतकं चांगलं यंत्र गाडीत दुसरं नाही!"

बाकीचे मावशीच्या टेम्पोतून निघाले. घाटमाथ्यावर त्यांनी मिरवणुकीला गाठलं, तेव्हा सगळ्या गाड्या बंद होऊन रांगेत उभ्या होत्या. समोर रस्ता खाली खाली वळत गेला होता. शिटी झाली. एकेक इंजिन गुरगुरायला लागलं. चिमटीनं टेम्पोच्या दाराची कडी घट्ट धरली. आजोबांनी चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं!

आजोबांनी पेडल दाबलं. आवाज चढला. त्यांनी पाय उचलला.

आवाज उतरला.

"नकटे, वास?" भोंगा टेम्पोतून ओरडला. अख्ख्या घाटाला ऐकू गेलं.

"येतोय!" नकटी ओरडली. चिमटी टेम्पोच्या दारातून अर्धी बाहेर वाकली. "आजोबांच्या केसांच्या तेलाचा!"

आजोबा इतक्या मोठ्यानं हसले, की टोपी उडता उडता वाचली. आणि मग हिरवी गाडी पहिल्या वळणावर अलगद वळली, जशी काही ती मधली सगळी वर्षं ताडपत्रीखाली नव्हतीच.

संध्याकाळी गाडी वर्कशॉपमध्ये परत आली. मामानं पुन्हा पुन्हा सांगितलं, की बॉनेट उघडून त्यानं सगळ्यांना तो खरवडलेला तुकडाच आधी दाखवला. "माझ्या पोरानं मला खरं बोलायला शिकवलं," असंही तो म्हणाला, आणि भोंगा आयुष्यात पहिल्यांदा लाजला. मावशीनं तिघांना समोर बसवलं आणि आपली दुहेरी पिळाची गाठ शिकवली. "आजपासून तुम्हीही फडकी बांधायची. आणि मी कितीही घाईत असले, तरी मला हाताला धरून न्यायचं आणि दाखवायचं. कळलं?"

आजोबा अजून गाडीतच बसून होते. चिमटी त्यांच्याजवळ गेली. त्यांनी हातमोजे काढले, चावी काढून मावशीच्या हातात ठेवली.

"एक फडकं दे गं," ते म्हणाले.

चिमटीनं दिलं. आजोबांनी ते स्टिअरिंगला बांधलं. गाठ मावशीसारखी नव्हती, साधीच होती, पण चांगली आवळून मारली होती.

"पण आजोबा, गाडीचं तर सगळं काम झालंय!"

"कुठे झालंय? एक मोठं काम राहिलंय." ते खाली उतरले आणि त्यांनी चिमटीला उचलून आपल्या जागेवर बसवलं. तिचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. "तुला गाडी शिकवायचीय. तुझं लायसन्स आलं की हे फडकं सुटेल."

चिमटीनं बोटांवर वर्षं मोजली. किती तरी होती. "आणि सोडणार कोण?"

"नियम काय आहे आपल्या वर्कशॉपचा?"

"ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं."

"मग झालं तर!" आजोबा म्हणाले. "तोवर मला थांबायलाच हवं ना!"